सीटाइप्स, हंगामभर वापरल्यानंतर: फुकट आहे, टिकतं, पण परत काय आलं ते विचारत नाही

सीटाइप्स म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून सी भाषेत लिहिलेली फंक्शनं चालवायचं साधन; यापलीकडे ओळख करून देत बसत नाही. २००६ मध्ये पायथन २.५ सोबत ते मुख्य पायथनमध्ये आलं. तेव्हापासून वेगळं काही उतरवून घ्यायला नको, कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) नको. दुसऱ्या कुणी सी मध्ये बांधलेली डीएलएल (तयार फंक्शनं असलेली विंडोजची फाइल) आपल्या छोट्याशा स्क्रिप्टमधून चालते. हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी मी त्याला चांगले गुण देणार आहे. पण त्याची एक खोड ऐन आवकेत आमच्या काट्यावर उतरली. मुख्यतः तिच्याबद्दल लिहायचंय.

आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात. कापसाची गाडी आधी वजनकाट्यावर चढते, भरलेल्या गाडीचं वजन होतं, माल उतरला की रिकाम्या गाडीचं. दोन्हीतला फरक काटापावतीवर छापून शेतकऱ्याच्या हातात द्यायचा. हे काम वर्षानुवर्षं काट्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर करत होतं. जुना कॉम्प्युटर विजेच्या झटक्यात गेला आणि नव्या मशीनवर तेच सॉफ्टवेअर टाकायला कंपनीने नव्या लायसन्सचे पैसे मागितले, वर देखभालीचा वार्षिक करार. आमचे नाना म्हणाले, "काटा आपला, जागा आपली, आणि आकडा वाचायचे पैसे त्यांना दरसाल द्यायचे?" मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. पायथन मला हिशोबाच्या फाइली जुळवण्यापुरतं येत होतं. इंडिकेटरसोबत (काट्याचं वजन दाखवणारा डबा) आलेल्या सीडीत एक डीएलएल होती. तिथून सुरुवात केली.

इंडिकेटरची वायर कॉम्प्युटरला जिथे जोडतात तो सिरियल पोर्ट थेट का वाचला नाही, असं विचाराल. आमच्या इंडिकेटरमधून येणारा डेटा कंपनीच्या स्वतःच्या साच्यात येतो आणि तो साचा ते द्यायला तयार नाहीत. डीएलएलमधल्या फंक्शनांची यादी असलेली हेडर फाइलही दिली नाही. खूप फोन झाल्यावर एक पीडीएफ आली, तीही जुन्या व्हिज्युअल बेसिक भाषेतल्या घोषणांची (फंक्शनांच्या डिक्लेरेशनची). तुमच्याकडेही असा कागद आला तर तो टाकून देऊ नका, त्यात बरंच काही असतं. कोणतं फंक्शन काय घेतं आणि काय परत देतं ते तिथे लिहिलेलं असतं. जुन्या व्हिज्युअल बेसिकमधला लाँग (पूर्णांकाचा एक प्रकार) ४ बाइटचा, हे मात्र लक्षात ठेवा. आणि त्या घोषणा स्टडकॉल पद्धतीच्या (फंक्शन बोलावण्याची विंडोजची एक रीत) असतात, म्हणून ३२ बिटमध्ये डीएलएल उघडायला सीटाइप्समधल्या सीडीएलएल ऐवजी विनडीएलएल लागतं. ६४ बिट विंडोजमध्ये हा भेद उरत नाही.

पहिला अडथळा सगळ्यांना येतो तोच आला: विनएरर १९३. '%१ हे वैध विन३२ अॅप्लिकेशन नाही' असा अर्थ न लागणारा संदेश. डीएलएल ३२ बिटची आणि पायथन ६४ बिटचं असेल तर हे येतं. एका प्रोसेसमध्ये दोन्ही नांदत नाहीत, वाटाघाट शक्य नाही. ३२ बिटचं पायथन वेगळं टाकलं, दोन्ही एकाच मशीनवर सुखाने राहतात. दुसरा आकडा १२६ चा. फाइल समोर दिसत असताना 'मॉड्यूल सापडलं नाही' म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्या डीएलएलला लागणारी दुसरी एखादी डीएलएल सापडलेली नसते. पायथन ३.८ पासून अशा सोबतच्या फाइली पाथमध्ये (विंडोजच्या ठरलेल्या फोल्डरांच्या यादीत) शोधणं बंद झालंय, फोल्डर ओएस डॉट अॅड डीएलएल डिरेक्टरीने सांगावं लागतं. हे दोन्ही एरर मला मान्य आहेत, कारण ते समोर येऊन सांगतात.

मग पोर्ट उघडेना. पोर्टचं नाव 'कॉम ३', साध्या अवतरणात लिहून पाठवलं होतं. डीएलएल म्हणे असा पोर्टच नाही. पायथन ३ मधली साधी स्ट्रिंग सीटाइप्स रुंद अक्षरांची करून पाठवतं. विंडोजवर ते अक्षर २ बाइटचं, आणि इंग्रजी अक्षराचा दुसरा बाइट शून्य. सी ची स्ट्रिंग शून्य दिसलं की संपते. म्हणजे डीएलएलच्या हातात पूर्ण नावातलं पहिलं अक्षर तेवढं पडत होतं. अवतरणाच्या आधी बी हे अक्षर लावलं, बाइट्स पाठवल्या, पोर्ट उघडला. ही खोड मी तिथंच सोडली असती, पण पुढे जे झालं त्याचं मूळही हेच: काही सांगितलं नाही तर सीटाइप्स स्वतःच्या मनाने ठरवतं आणि तसं ठरवल्याचं कळवत नाही.

आता मुख्य मुद्दा.

वजन देणारं फंक्शन डबल, म्हणजे दशांशाची संख्या, परत देतं. इंडिकेटरवर ४,३८० किलो आणि माझ्या स्क्रीनवर १. गाडी बदलली, तरी १. एरर नाही, इशारा नाही. सीटाइप्सला फंक्शनचा परतीचा प्रकार सांगितला नसेल, तर ते इंट, म्हणजे पूर्णांक, आलाय असं धरतं. दशांशाची संख्या प्रोसेसरच्या एका जागेतून परत येते, पूर्णांक दुसऱ्या जागेतून. सीटाइप्स दुसऱ्या जागेत बघतं आणि आधीच्या कुठल्या कामाचा जो काही आकडा तिथे उरलेला असेल तो वजन म्हणून हातात देतं. गाडीत कापूस आहे की केळी हे न बघता प्रत्येक पावतीवर कापूस लिहिणाऱ्या कारकुनासारखं हे काम आहे.

घरी करून बघायला काटा लागत नाही. विंडोजवर एमएसव्हीसीआरटी ही तयार डीएलएल उघडा आणि त्यातलं वर्गमूळ काढणारं स्क्वेअर रूट फंक्शन बोलवा. साधा २.० पाठवलात तर सीटाइप्स अडवतं, हे कसं बदलायचं मला माहीत नाही म्हणतं. चांगलंच आहे. आता तोच आकडा सी डबलमध्ये गुंडाळून पाठवा. काम होतं आणि उत्तरात कुठला तरी पूर्णांक येतो, १.४१४ येत नाही. रेसटाइपला, म्हणजे परतीच्या प्रकाराच्या खान्याला, सी डबल द्या, मग १.४१४२ दिसेल. जाताना दारावर उभं राहून तपासणी, येताना दार सताड उघडं. माझी तक्रार नेमकी एवढीच आहे आणि ती कमी करायला मी तयार नाही. मला १ दिसला म्हणून लगेच लक्षात आलं. तिथे ४,२९० उरलेला असता तर? आमचा काटा दहा किलोच्या पटीत दाखवतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, म्हणजे काट्याची एक पायरी ८११ रुपयांची. गाडीवरून उतरून "कितलं व्हयनं, भाऊ?" विचारणाऱ्या माणसाचे ते पैसे आहेत.

या वागण्याचं समर्थन ऐकलंय. जुन्या सी भाषेत न सांगितलेलं फंक्शन इंट देतं असंच धरायचे. पण सी भाषेने स्वतः ते १९९९ च्या मानकात काढून टाकलं. सीटाइप्स पायथनमध्ये आलं २००६ मध्ये. मूळ भाषेने सोडलेलं गृहीतक त्यानंतर आलेल्या साधनाने का धरून ठेवावं? मॅन्युअलमध्ये ते लिहिलंय, हे कबूल. पण नवशिक्या माणूस पहिलं उदाहरण चालवतो, ते नेमकं इंट देणारं असतं, आणि त्याला वाटतं की परतीचा प्रकार सांगायची गरजच नसते.

रेसटाइप लावल्यावर वजन अचूक आलं. दिवाळीनंतरची आवक सुरू झाली, पावत्या छापल्या जात होत्या, नाना खूश. इथपर्यंत मी सीटाइप्सला पाचपैकी साडेचार दिले असते.

मग कंपनीचा सर्व्हिसवाला इंडिकेटरचं काहीतरी अपडेट करायला आला आणि जाताना जुन्या डीएलएलच्या जागी ६४ बिटची ठेवून गेला. नाव तेच, सांगितलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा १९३. फोन केला तर उत्तर: "आमचं सॉफ्टवेअर घ्या, मग सपोर्ट मिळेल." जुनी फाइल मागितली, तर ती आता देत नाही म्हणाले. बाहेर ट्रॅक्टरची रांग वाढत होती. इंडिकेटर चालू होता म्हणून नानांनी हाताने पावत्या लिहायला घेतल्या आणि मी ६४ बिटच्या पायथनवर तीच स्क्रिप्ट चालवली.

पोर्ट उघडला, हँडल (उघडलेल्या पोर्टची खूण) मिळालं, आणि पुढच्याच फंक्शनला अॅक्सेस व्हायोलेशन (नको त्या मेमरीला हात लावल्याचा एरर). ३२ बिटवर जो कोड दिवसभर चालायचा तोच इथे दुसऱ्या ओळीत मरत होता. हँडल छापून बघितलं तर ऋण आकडा. मेमरीचा पत्ता ऋण कसा असेल? हँडल म्हणजे इथे पॉइंटर, मेमरीतल्या जागेचा पत्ता. ३२ बिटमध्ये पॉइंटर ४ बाइटचा आणि इंटही ४ बाइटचा, त्यामुळे चुकीचं गृहीतक तिथे झाकून राहिलं होतं. ६४ बिटमध्ये पॉइंटर ८ बाइटचा झाला, इंट ४ वरच राहिला. सीटाइप्सने पत्त्याचा वरचा अर्धा भाग गुपचूप कापला होता. वजनाच्या फंक्शनला प्रकार सांगितलेला होता, पोर्ट उघडणाऱ्याला सांगितलेला नव्हता, आणि ३२ बिटवर एकदाही त्याची आठवण करून दिली गेली नाही.

त्याचा रेसटाइप सी व्हॉइड पी, म्हणजे पॉइंटरचा प्रकार, केला. आता हँडल पूर्ण आलं, पण पुढच्या फंक्शनला पाठवताना 'इंट टू लाँग टू कन्व्हर्ट' असा एरर. कारण सी व्हॉइड पी म्हणून आलेला पत्ता पायथनमध्ये साधा आकडा होतो, आणि साधा आकडा पाठवताना पुन्हा इंटच धरला जातो. येताना सांगून भागत नाही, ज्या ज्या फंक्शनला ते हँडल द्यायचं त्या प्रत्येकाच्या आर्गटाइप्समध्येही (पाठवायच्या किमतींच्या प्रकारांची यादी) सांगावं लागतं. विंडोजवर निदान एरर आला. ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा असल्याने हा एररही येत नाही, पत्ता कापून पुढे जातो आणि प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट होऊन पडतो. लिनक्सवाल्यांनी पायथनला एक्स फॉल्टहँडलर हा पर्याय देऊन स्क्रिप्ट चालवावी, निदान पायथनच्या कोणत्या ओळीवर मेलं ते कळतं.

दुपारनंतर काटा पुन्हा कॉम्प्युटरवर आला. त्या संध्याकाळी माझं मत दोन गुणांवर उतरलं होतं आणि सीएफएफआय या अशाच दुसऱ्या साधनावर जायचं जवळजवळ ठरवलं होतं. सीएफएफआयमध्ये सी च्या घोषणा जशाच्या तशा चिकटवायच्या, आणि जे घोषित नाही ते बोलावताच येत नाही. मला हवं ते नेमकं हेच. वेगळं टाकावं लागतं, तेही फुकटच आहे.

मत परत वर आलं ते मॅन्युअलमध्ये खाली दडलेल्या एका भागामुळे. विनफंकटाइप आणि सीफंकटाइप सगळे कॉलबॅकसाठी (डीएलएलने हाक मारायचं आपलं फंक्शन) वापरतात, पण त्यातूनच डीएलएलमधलं फंक्शनही बांधता येतं. आधी साचा करायचा, साच्यात पहिलाच मान परतीच्या प्रकाराचा असतो आणि तो दिल्याशिवाय साचा तयारच होत नाही. मागून पाठवायच्या प्रत्येक किमतीचा प्रकार. मग फंक्शनचं नाव आणि डीएलएल त्या साच्याला द्यायची. मला जी सक्ती हवी होती ती सीटाइप्समध्येच होती, फक्त पहिल्या पानावर नव्हती. आता सगळी फंक्शनं एका फाइलमध्ये अशीच बांधलीत आणि बाकीचा प्रोग्रॅम डीएलएलला थेट हात लावत नाही. तेव्हापासून एकही अॅक्सेस व्हायोलेशन नाही. सीएफएफआयचा विचार सोडला.

दोन गोष्टी उरल्या, त्या पटकन सांगतो. डीएलएलला कॉलबॅक दिलात तर तो व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. पायथनने तो कचऱ्यात काढला आणि नंतर डीएलएलने हाक मारली की प्रोग्रॅम पडतो. मॅन्युअलमध्ये हा इशारा ठळक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. दुसरं स्ट्रक्चरचं, म्हणजे अनेक किमती एकत्र ठेवायच्या साच्याचं. आमच्या स्थितीच्या स्ट्रक्चरमध्ये एक कॅरेक्टर आणि मागे एक डबल आहे. सीटाइप्सच्या हिशोबाने ते १६ बाइटचं, कंपनीने जागा न सोडता बांधलेलं असल्याने ९ चं. पॅक १ लिहिल्यावर जुळलं. आकार जुळतो का ते साइझऑफने आधी बघा, मग आतले आकडे वाचा.

माझे अंतिम गुण पाचपैकी चार. कापलेला एक गुण पूर्णच्या पूर्ण त्या न विचारता धरलेल्या इंटचा. पैशाचं विचाराल तर लायसन्स आणि करार दोन्हींचे पैसे वाचले, हंगाम निघाला, आणि इंडिकेटर व पावतीचा आकडा रोज सकाळी पहिल्या गाडीला समोरासमोर ताडून बघतो. वैधमापन विभागाचा शिक्का काट्यावर आहे, माझ्या स्क्रिप्टवर नाही, म्हणून ते ताडणं बंद करणार नाही.

तुम्ही नव्याने सुरू करत असाल तर डीएलएल हातात आल्या दिवशीच तिची प्रत वेगळ्या फोल्डरला ठेवा, ३२ की ६४ हे नावातच लिहा, आणि सर्व्हिसवाला मशीनला हात लावून गेला की फाइलचा आकार आणि तारीख बघा. आमची ३२ बिटची फाइल शेवटी त्या जुन्या सीडीवरूनच परत मिळाली. आता दोन्ही डीएलएल आणि दोन्ही पायथन मशीनवर ठेवलीत, काट्याच्या खोलीतल्या कपाटात पेनड्राइव्हवरही.