विमानतळांमधलं अंतर सांगणारं ॲप: आठ महिन्यांनंतर

बहीण न्यूयॉर्कला गेल्यापासून घरातल्या सगळ्यांच्या प्रवासाची आखणी माझ्याकडे आली. दोन विमानतळ टाकले की अंतर आणि उड्डाणाचा वेळ दाखवणारं हे ॲप तेव्हापासून रोजच्या वापरात आहे. अंतराच्या बाबतीत त्याने एकदाही फसवलं नाही. वेळेच्या बाबतीत मात्र जपून.

लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके हे अंतर ते सुमारे ५,५४० किमी सांगतं. हे बृहद्वृत्तावरचं, म्हणजे गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. नकाशावर लॉस एंजेलिसहून लंडनची रेघ ग्रीनलंडकडे चढलेली पाहून मला आधी ॲपच चुकलंय असं वाटलं होतं. मग पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला, तर तोही तिकडूनच गेला! एकक मात्र नीट बघा. तेच अंतर साध्या मैलांत ३,४४० च्या आसपास, पण सागरी मैलांत (विमानं-जहाजांसाठी वापरतात ते, सुमारे १.८५ किमीचे) २,९९० भरतं. विमानतळ निवडतानाही त्याचा तीन अक्षरी कोड तपासा: सिडनी ऑस्ट्रेलियात आहे (एसवायडी), तशी कॅनडातही आहे (वायक्यूवाय).

आता वेळ. ॲप ताशी ९०० किमीने भागाकार करून अर्धा तास मिळवतं, म्हणून हीथ्रो-जेएफके जाताना-येताना सारखेच ६ तास ४० मिनिटं दिसतात. वेळापत्रकात न्यूयॉर्ककडे जायला साधारण ८ तास असतात आणि परत यायला ७. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह जाताना समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. शिवाय वेळापत्रकातला वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो; धावपट्टीपर्यंतचं रेंगाळणं त्यातच येतं.

बंद हवाई हद्दीही ॲपच्या हिशोबात नाहीत. हेलसिंकी-टोकियोला ते सव्वानऊ तास दाखवतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यापासून ही विमानं वळसा घालतात आणि प्रवास १३ तासांच्या घरात जातो. वयस्कर माणसाला सोबत नेताना हा फरक आधी कळायलाच हवा.

खरा मनस्ताप मार्चमध्ये झाला. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनमध्ये शेवटच्या. मधल्या दिवसांत लंडन-न्यूयॉर्कचा फरक ५ ऐवजी ४ तास असतो. ॲपने ५ च धरले, मी तीच पोहोचण्याची वेळ बहिणीला कळवली, आणि ती बिचारी विमानतळावर तासभर आधी येऊन थांबली. तेव्हापासून पोहोचण्याची वेळ मी फक्त तिकिटावरची कळवतो.

तरी ॲप काढून टाकलेलं नाही. थांबा घेऊन जाताना ते फार उपयोगी पडतं: दोन्ही टप्प्यांची बेरीज थेट अंतराशी ताडून पाहिली की कुठला थांबा वाटेवर आहे आणि कुठला उगाच फिरवतोय, हे लगेच कळतं. पाचपैकी चार तारे. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा दाखवायला लागले, तर पाचवाही देईन.