रास्पबेरी पाय पिको: मोटारीच्या करंटची सलग नोंद ठेवण्यास कितपत योग्य?

बोअरची सबमर्सिबल मोटार जळाली की आपल्याकडे सहसा ‘लाइट कमी-जास्त झाली’ एवढ्यावरच विषय संपतो. एक फेज गेली होती की पाणी संपल्यावर मोटार कोरडी चालली, हे मात्र तिन्ही फेजच्या करंटची सलग नोंद असल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. परभणी तालुक्यातील एका शेतावरच्या स्टार्टरपेटीत अशी नोंद ठेवणारे उपकरण बसवताना आम्ही पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड (एका चिपवरचा लहानसा संगणक) वापरला. जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलर किमतीला बाजारात आलेल्या या बोर्डावर आरपी२०४० ही चिप असून तीत १३३ मेगाहर्ट्झपर्यंत चालणारे दोन कोअर आणि २६४ किलोबाइट रॅम आहे. बोर्डावर ॲनालॉग इनपुटच्या तीन पिना मिळतात, त्यामुळे प्रत्येक फेजच्या सीटीला (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला) एक पिन पुरते.

करंट मोजणे अवघड नाही. मोजलेले आकडे न गमावता मेमरी कार्डावर उतरवणे अवघड आहे. प्रत्येक फेजचे सेकंदाला ५,००० नमुने (म्हणजे मोजणीचे आकडे) घेतले, तर दोन बाइटांच्या हिशेबाने सेकंदाला ३०,००० बाइट तयार होतात. मेमरी कार्डाचा सरासरी वेग याच्या कितीतरी पट असतो, आणि नेमकी तीच सरासरी फसवी आहे, कारण कार्ड आपली अंतर्गत आवराआवर करण्यासाठी अधूनमधून थांबते आणि एसडीएचसी या प्रकारच्या कार्डांच्या बाबतीत लिहिण्याच्या एका वेळी २५० मिलिसेकंदांपर्यंत वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागते. मोजणी तेवढा वेळ थांबत नाही. चिपमधील ॲनालॉग-डिजिटल कन्व्हर्टरच्या फिफोत (आधी आलेला आकडा आधी बाहेर देणाऱ्या छोट्या रांगेत) फक्त चार नमुने मावतात, म्हणजे वरील वेगाने जेमतेम पाव मिलिसेकंदाची सोय होते.

या बोर्डाचे खरे मोल इथे कळते. त्यातील डीएमएच्या (डेटा परस्पर हलवणाऱ्या यंत्रणेच्या) १२ वाहिन्या प्रोसेसरला हात लावायला न सांगता नमुने थेट रॅममध्ये नेऊन ठेवतात, आणि कन्व्हर्टरकडून ‘नमुना तयार आहे’ असा संकेत आल्यावरच पुढचे पाऊल टाकतात. त्यामुळे जलद रॅम आणि संथ कन्व्हर्टर यांचा मेळ प्रोग्रॅममध्ये एकही विलंब न घालता बसतो. आम्ही दोन वाहिन्या एकमेकींना साखळीने जोडल्या: एक बफर (रॅममधील तात्पुरती साठवणजागा) भरला की दुसरी वाहिनी आपोआप सुरू होते आणि भरलेला बफर दुसरा कोअर कार्डावर लिहितो. दोन कोअरमधील फिफो आठ शब्दांचा (शब्द म्हणजे ३२ बिटांचा एक आकडा) असल्याने त्यातून नमुने पाठवण्याच्या फंदात पडू नये, केवळ भरलेल्या बफरचा पत्ता पाठवावा.

बफर किती मोठा असावा, याचे गणित कार्डाच्या सरासरी वेगावरून नव्हे, तर त्याच्या सर्वांत लांब थांब्यावरून करावे लागते. २५० मिलिसेकंदांत ७,५०० बाइट साचतात, म्हणून आठ किलोबाइटांचे दोन बफर पुरेसे ठरतात. याउलट कन्व्हर्टर त्याच्या कमाल वेगाने, सेकंदाला ५ लाख नमुन्यांनी, चालवला तर तेवढ्याच थांब्यात अडीच लाख बाइट साचतील आणि जवळपास सगळी रॅम त्यातच जाईल. तसले काम या बोर्डाकडून अपेक्षू नये.

हेच आकडे दूर पाठवणाऱ्या मोडेमची गोष्ट निराळी आहे. ११५२०० बॉडच्या (सेकंदाला तितक्या बिटांच्या) यूआर्ट या सिरियल जोडणीवरून सेकंदाला ११,५२० बाइटच जातात आणि तयार होतात ३०,०००. साखर कारखान्याच्या गाडीतळावर सकाळी एकदम आलेल्या उसाच्या गाड्या सामावतात, पण रोजची आवकच गाळपापेक्षा जास्त असेल तर कितीही मोठा तळ अपुरा पडतो. बफरचेही तसेच आहे. म्हणून आम्ही विजेच्या प्रत्येक आवर्तनातील शंभर नमुन्यांवरून प्रत्येक फेजचे आरएमएस मूल्य (करंटचे परिणामी मूल्य) काढून तेवढेच पाठवतो, जे सेकंदाला ३०० बाइटांत भागते.

उणिवाही आहेत. कन्व्हर्टर बारा बिटांचा असला तरी ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या आकड्यांजवळ त्यात ज्ञात दोष आहे. ओव्हरलोड किंवा गेलेली फेज ओळखायला त्याने बिघडत नाही, पण वीजबिलाच्या दर्जाची मोजणी त्यावर करू नये. फिफो ओसंडल्यास चिप तशी खूण ठेवते, मात्र कार्ड मागे पडले आणि कार्डावर अजून न उतरलेल्या बफरवरच डीएमएने पुन्हा लिहिले तर कोणतीही सूचना मिळत नाही; भरलेल्या आणि लिहिलेल्या बफरांची मोजदाद आपल्या प्रोग्रॅममध्येच ठेवावी लागते. रिसेटचे बटण नाही, ही गोष्ट बंद पेटीत काम करताना फार खटकते. मायक्रोपायथनमध्ये (अशा बोर्डांसाठीच्या पायथन भाषेत) शिकायला सोपे जाते, तरी सलग नोंदीचे काम सी भाषेत करणेच बरे.

नव्याने घेणाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पिको २ चा विचार करावा. त्यात ५२० किलोबाइट रॅम आणि डीएमएच्या १६ वाहिन्या आहेत, त्यामुळे कार्डाच्या लांब थांब्यांसाठी दुपटीहून थोडी कमी जागा मिळते. हातात जुना पिको असेल, तर केवळ तीन फेजच्या नोंदीसाठी तो बदलण्याची गरज नाही.