कृत्रिम झडप, पातळ रक्त आणि मंगळवारची रांग: चौदा महिन्यांनंतर

हृदयातली मिट्रल झडप बदलून मला चौदा महिने झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण ऑपरेशनचंच विचारतो. किती तास लागले, छाती कुठून कुठपर्यंत उघडली, शुद्ध कधी आली. त्या दिवसाचं मला काय आठवणार, मी झोपेत होते! डोक्यात राहिलंय ते त्यानंतरचं. म्हणून ऑपरेशन थोडक्यात उरकते आणि गोळी, रक्ततपासणी, रांग याबद्दल जास्त लिहिते, कारण ते मला ऑपरेशनआधी कुणी सांगितलं नव्हतं. रुग्णालय मुंबईतलंच, हृदयासाठी राज्याबाहेरूनही माणसं येतात असं. नाव लिहीत नाही. कौतुकाइतक्याच तक्रारीही आहेत.

आधी थोडं मागचं. चिपळूणकडच्या आमच्या गावी नऊ-दहा वर्षांची असताना घसा धरून ताप आला आणि मग गुडघे, घोटे सुजले. आईने निगडीचा पाला बांधला. महिनाभरात बरं वाटलं, सगळे विसरून गेले. तो ऱ्हुमॅटिक फीवर होता आणि जाताना झडपेवर वण ठेवून गेला होता, हे कळलं दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी. सातव्या महिन्यात आडवं झालं की दम लागायचा. बाळंत झाल्यावर बलून केलं, म्हणजे मांडीच्या शिरेतून नळी वर नेऊन चिकटलेली झडप फुग्याने उघडली. त्यावर पंधरा-सोळा वर्षं निघाली. तो ताप उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं. मध्ये चार वर्षं मी ते चुकवलं. सुई फार दुखते आणि बरं असताना कोण जातं? ही चूक माझी, डॉक्टरांची नाही.

मग दादरचा पूल. पतपेढीत कामाला जाताना सेंट्रल लाइनवरून वेस्टर्नला जायचं, तर पूल चढताना मध्येच थांबावं लागायला लागलं. मागून येणाऱ्या बायका आधी ओरडायच्या, नंतर ओळखीच्या झाल्यावर पर्स धरायच्या. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेचं तोंड ०.९ चौरस सेंटिमीटर निघालं. निरोगी माणसात ते ४ ते ६ असतं. ठोकेही अनियमित. पुन्हा बलून होणार नाही, झडपेवर चुना बसलाय, बदलावीच लागेल, असं सांगितलं.

आमचं रेशन कार्ड केशरी, त्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलं. खिडकीवर आरोग्यमित्र म्हणून एक मुलगा होता. कुठला कागद कुठे लावायचा हे त्याच्याइतकं स्वच्छ त्या अख्ख्या इमारतीत कुणाला माहीत नव्हतं. आधार आणि रेशन कार्डावरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला, तोही त्यानेच निस्तरून दिला. मंजुरी आली, ऑपरेशनचा खर्च आम्हाला भरावा लागला नाही. बाहेरून आणलेली काही औषधं आणि ह्यांची कँटीन, एवढाच भार. रक्त द्यायला आमच्या चाळीतल्या गणेश मंडळाची पोरं आली. एरवी रात्री बारापर्यंत कॅरम खेळून डोकं उठवतात म्हणून मी त्यांना बोलायचे. आता बोलत नाही.

झडप कुठली घ्यायची हे मात्र आधी वाचून ठेवा. दोन प्रकार. एक प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली, ती काही वर्षांनी झिजते आणि वय कमी असेल तर लवकर झिजते. दुसरी यांत्रिक. ती टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. माझं वय त्रेचाळीस, मुलं झालेली, शिवाय ठोके अनियमित असल्याने गोळी एरवीही लागणारच होती. म्हणून यांत्रिक. गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते, त्यामुळे ज्या मुलींना अजून मूल हवं आहे त्यांनी हा विषय स्वतःहून काढावा. डॉक्टर घाईत असतात.

मला कार्बनच्या दोन पात्यांची झडप बसली. शेजारच्या खाटेवर संगमेश्वरकडच्या एक मावशी होत्या, त्यांना चित्रा बसवली. ही आपल्याकडची झडप. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने तयार झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली. आधीची मॉडेलं चाचण्यांत नापास झाली, चौथं टिकलं. तिच्यात धातूच्या चौकटीत एकच गोल चकती तिरकी होते आणि ती चकती चक्क प्लॅस्टिकची, म्हणजे खास दणकट जातीच्या पॉलिथिनची आहे. मावशींना प्लॅस्टिक म्हटल्यावर धसका बसला होता. पण आवाजाच्या बाबतीत त्याच सुखी. माझी झडप शांत खोलीत टिकटिकते, डाव्या कुशीवर तर हमखास. लेक अभ्यासाला बसली की म्हणते, आई, तुझं घड्याळ जरा बाहेर ने. लोकलमध्ये काही ऐकू येत नाही.

ऑपरेशनबद्दल एवढंच सांगते की सर्जन, आयसीयू, फिजिओथेरपी सगळं उत्तम. तिसऱ्या दिवशी नळ्या काढल्या, चौथ्या दिवशी व्हरांड्यात चालवलं. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला शिकवणारी फिजिओची मुलगी आणि रात्रपाळीची मावशी यांना मी विसरणार नाही. या शहरात हृदयावरच्या शस्त्रक्रियेला हात कमी पडत नाहीत. १९६८ च्या फेब्रुवारीत, केपटाऊनमधल्या जगातल्या पहिल्या हृदय प्रत्यारोपणाला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी ते करून पाहिलं होतं. रुग्ण वाचला नाही, पण त्या काळी ती हिंमत इथे होती. अडतं ते घरी सोडल्यानंतर.

घरी सोडताना हातात एक इंग्रजी कागद आणि छोटी वही दिली. वहीत तीन रकाने: तारीख, आयएनआर, डोस. समजावून सांगायला कुणाला वेळ नव्हता. मला जे पुढे कळलं ते असं. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्यावरून काढलेला आकडा म्हणजे आयएनआर. गोळी न घेणाऱ्या माणसाचा १ च्या आसपास. मिट्रलच्या जागी यांत्रिक झडप असली की तो साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. खाली गेला तर झडपेवर गुठळी धरते, ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. वर गेला तर कुठूनही रक्तस्राव. गोळी अ‍ॅसिट्रोम, रोज संध्याकाळी. आमच्या मजल्यावरचे काका रक्त पातळ करायची नवी गोळी घेतात, त्यांना तपासणी लागत नाही. मी लगेच विचारून आले. ती यांत्रिक झडपेला चालत नाही.

डोसची एक गंमत सांगते. मला एक दिवस २ मिलिग्रॅम आणि एक दिवस ३, असं एकाआड एक दिलं होतं. मी हुशारी केली, विषम तारखेला ३, सम तारखेला २. महिना संपला आणि ३१ नंतर आली १ तारीख, दोन्ही विषम! सलग दोन दिवस ३ घेतल्याचं चार दिवसांनी लक्षात आलं. तेव्हापासून महिन्याच्या सुरुवातीलाच कालनिर्णयवर प्रत्येक चौकोनात पेनने आकडा लिहून ठेवते आणि गोळी घेतली की त्यावर काट मारते. संकष्टी, दूधवाला आणि अ‍ॅसिट्रोम एकाच पानावर.

जुलैत मोठा घोळ झाला. पावसात जुलाब लागले, गल्लीतल्या डॉक्टरांनी नेहमीची मेट्रोनिडाझोल दिली. त्यांना झडपेचं माहीत होतं, अ‍ॅसिट्रोमचं मी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना आणि मांडीवर हाताएवढा निळा डाग. आयएनआर ६.४. त्या गोळीने अ‍ॅसिट्रोमचा जोर वाढतो. कॅज्युअल्टीत रात्रभर बसवून ठेवलं, गोळी दोन दिवस बंद, पुन्हा तपासणी. निभावलं. आता कुठल्याही डॉक्टरसमोर बसल्यावर नाव सांगायच्या आधी मी वही पुढे करते. अंगदुखीच्या गोळ्या, काढे, कुणी गावाहून आणलेलं चूर्ण, सगळं बंद.

लगेच पुढच्या महिन्यात उलटी तऱ्हा. श्रावणात घरात अळूचं फदफदं, मेथी, माठ, दोन आठवडे रोज पालेभाजी, आणि आयएनआर १.६. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व गोळीला उलटं पडतं. घाबरून मी पालेभाजी तोडलीच, तर पुढच्या वेळी आकडा वर. शेवटी आयएनआरच्या खिडकीवरच्या सिस्टरनी सांगितलं, सोडू नका, रोज सारखी खा, वाटीभर तर वाटीभर. डॉक्टरांच्या चार फेऱ्यांत जे कळलं नव्हतं ते त्यांनी टोकन फाडताना सांगितलं. सासूबाईंनी आता पालेभाजीसाठी एक वाटी वेगळी काढून ठेवलीय.

आणि एक गोष्ट बायकांसाठी, कारण ती कुणी बोलत नाही. गोळी सुरू झाल्यावर पाळी इतकी जाऊ लागली की हिमोग्लोबिन ८ वर आलं. ओपीडीत मागेपुढे पुरुष रांगेत, टेबलापलीकडे पंचविशीतला रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर. मी बोलले तर तो कागदात बघत म्हणाला, गायनॅकला दाखवा. दाखवलं, उपाय झाला, आता ठीक आहे. पण घरी सोडतानाच हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

आता रांग. आयएनआरची ओपीडी आठवड्यातून एकदा, मंगळवारी. सकाळी साडेसातला टोकन, नऊला निळ्या बुचाच्या नळीत रक्त, रिपोर्ट दुपारी, डॉक्टर तीनच्या पुढे. म्हणजे एक रजा. सुरुवातीला आठवड्याला एकदा, मग पंधरा दिवसांनी. पतपेढीतले साहेब समजूतदार आहेत म्हणून नोकरी टिकली. दर वेळी रेसिडेंट नवा. एक म्हणाला डोस वाढवा, पुढच्या वेळी दुसरा म्हणाला कुणी वाढवायला सांगितला? वहीवर एक फोन नंबर छापलाय, तो चौदा महिन्यांत एकदाही उचललेला नाही. ऑपरेशन करणारं युनिट नावाजलेलं, आणि त्यानंतर माणूस जिवंत राहायचा तो या एका खिडकीवर. तिथे एक सिस्टर आणि एक तुटकी खुर्ची.

सध्या मी सोमवारी भांडुपच्या लॅबमध्ये रक्त देते, साडेतीनशे रुपये जातात पण मंगळवारी रिपोर्ट घेऊन थेट दुपारी पोहोचते. लॅब मात्र बदलत नाही, कारण वेगवेगळ्या लॅबच्या आकड्यांत थोडा फरक पडतो. घरी बोट टोचून बघायचं यंत्र मिळतं. आम्ही चौकशी केली, यंत्रापेक्षा त्याच्या पट्ट्यांचा खर्च जड वाटला. गेल्या पाच तपासण्या २.७ ते ३.२ मध्ये आहेत. दादरचा पूल न थांबता चढते. पेनिसिलिनचं इंजेक्शन पुन्हा सुरू आहे, एकही चुकवलेलं नाही.

दुसऱ्या कुणाला याच रुग्णालयात जा म्हणून सांगेन का? ऑपरेशनसाठी, डोळे मिटून. पण भरती व्हायच्या आधी घराजवळचा एक असा डॉक्टर गाठून ठेवा जो आयएनआर बघून डोस सांगेल आणि फोन उचलेल. मी ते उशिरा केलं.

आत्ता अडलंय ते खालच्या दाढेवर. काढावी लागणार. दातांच्या डॉक्टरांनी झडपेचं ऐकून हात आखडता घेतला. आधी अँटिबायोटिक कुठलं, अ‍ॅसिट्रोम चालू ठेवायची का, याची हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणाले. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही एवढं मला आता पक्कं ठाऊक आहे. गेल्या मंगळवारी रेसिडेंट म्हणाला, मोठ्या सरांना विचारून देतो. सर रजेवर. पुढच्या मंगळवारी परत जाणार आहे, तोवर उजव्या बाजूने चावतेय.