गावातले घर की उतारावरचे शेतघर? दक्षिण स्पेनच्या डोंगराळ भागात परदेशी व्यक्तीने घर घेताना

ग्रानादा प्रांतातील आल्पुहार्रा किंवा मालागा प्रांतातील आक्सार्किया या डोंगराळ भागांत घर शोधू लागलेल्या परदेशी माणसाला फार लवकर दोन पर्यायांतून एक निवडावा लागतो. पहिला पर्याय गावातल्या घराचा, ज्याला तिथे ‘कासा दे पुएब्लो’ म्हणतात. असे घर अरुंद, उतरत्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या भिंतींना टेकून उभे असते, चुन्याने पांढरे केलेले आणि बहुधा दोन-तीन मजल्यांचे. दुसरा पर्याय ‘कोर्तिहो’चा, म्हणजे गावाबाहेर बदाम, ऑलिव्ह किंवा द्राक्षांच्या मळ्यात एकट्याने उभ्या असलेल्या शेतघराचा. पुष्कळदा दोन्हींची किंमत सारखीच सांगितली जाते आणि त्याच पैशांत एकीकडे तीन अंधाऱ्या खोल्या, तर दुसरीकडे अर्धा हेक्टर जमीन व दूरवर समुद्राची निळी रेघ मिळते म्हटल्यावर मन साहजिकच शेतघराकडे ओढ घेते. आम्ही पती-पत्नींनीही शोधाची सुरुवात शेतघरांपासूनच केली होती. तीन खेपांमध्ये दोन्ही प्रकारची पुष्कळ घरे पाहिल्यानंतर, वर्षातले दोन-तीन महिनेच तिथे राहणाऱ्या माणसाने गावातलेच घर घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

दोहोंतला मूळ फरक जमिनीच्या वर्गवारीत आहे. गावातले घर ‘सुएलो उर्बानो’वर, म्हणजे आपल्या भाषेत गावठाणात असते, तर शेतघर ‘सुएलो रुस्तिको’वर, म्हणजे शेतजमिनीवर असते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, स्पेनमध्ये मात्र अशी अट नाही आणि परदेशी नागरिकही ती घेऊ शकतो. (युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला काही संरक्षित पट्ट्यांत, उदाहरणार्थ द्वीपसमूहांवर, जिब्राल्टर सामुद्रधुनीच्या परिसरात आणि पोर्तुगाल व फ्रान्सच्या सीमेलगत, गावाबाहेरची जमीन घेताना लष्करी परवानगी लागते.) जमीन इतक्या सहज मिळते म्हणून आपण निर्धास्त होतो, पण खरी अडचण त्या जमिनीवरच्या बांधकामात असते.

स्पेनमध्ये मालमत्तेच्या दोन स्वतंत्र नोंदी असतात. ‘रेहिस्त्रो दे ला प्रोपिएदाद’ ही मालकी व बोजांची नोंदवही आहे, तर ‘कातास्त्रो’ ही करआकारणीसाठी ठेवलेली नकाशासहित नोंद आहे. आपल्याकडे सातबारा हा महसुली उतारा असतो आणि केवळ त्याच्या आधारे मालकी सिद्ध होत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा भेद लगेच उमगेल. रेहिस्त्रोमधून थोड्या युरोंत ‘नोता सिंप्ले’ नावाचा उतारा मिळतो आणि तो हातात आल्याशिवाय कोणत्याही घराविषयी पुढचे बोलणे करू नये. कॉम्पेताच्या बाजूला आम्ही पाहिलेल्या एका शेतघराला तीन शयनकक्ष, झाकलेला ओटा आणि निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव होता. नोता सिंप्लेमध्ये मात्र त्या जागी एक ‘कासा दे आपेरोस’, म्हणजे अवजारे ठेवण्याची खोली, आणि एक ‘आल्बेर्का’, म्हणजे शेतीसाठीचा पाण्याचा हौद, एवढीच नोंद होती. त्या किमतीला कागदोपत्री आमच्या नावावर अवजारांची खोलीच होणार होती.

अशा घरांचे पुढे काय होऊ शकते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आल्मेरिया प्रांतातील वेरा येथले आहे. स्थानिक नगरपालिकेने, म्हणजे ‘आयुंतामिएंतो’ने, दिलेला परवाना नंतर रद्द ठरला आणि जानेवारी २००८ मध्ये एका निवृत्त ब्रिटिश दांपत्याचे घर बुलडोझरने पाडले गेले. त्यानंतर, हे तिन्ही प्रांत ज्यात येतात त्या आंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारने अशा बांधकामांसाठी ‘आसिमिलादो आ फुएरा दे ओर्देनासिओन’ (नियमांबाहेरचे, पण राहू दिलेले बांधकाम), थोडक्यात आफो, ही मान्यता ठरवून दिली आणि आता ती २०२१ च्या ७ क्रमांकाच्या जमीनविषयक कायद्यात समाविष्ट आहे. बेकायदा बांधकामावर सरकारने कारवाई करण्याची सहा वर्षांची मुदत उलटून गेलेल्या घराला ही मान्यता मिळू शकते, आणि ती मिळाली की घर पाडले जाण्याची भीती सरते, वीज-पाण्याची जोडणी मागता येते आणि रेहिस्त्रोमध्ये नोंद करता येते. मात्र त्यानंतर देखभालीची व सुरक्षिततेची कामेच करता येतात, घर वाढवता येत नाही. विशेष संरक्षित जमिनीवर ही मुदत सहसा लागू होत नाही. म्हणून आफो ‘मिळेल’ असे विक्रेत्याने सांगितले तर ती आधी त्याने, त्याच्या खर्चाने मिळवावी आणि मगच व्यवहार व्हावा. आफो असूनही अशा घरावर कर्ज द्यायला बँका सहसा नाखूश असतात, हेही हिशेबात धरावे.

शेतघराच्या बाबतीत आणखी एक कलम फारसे कोणी आधी सांगत नाही. स्पॅनिश नागरी संहितेच्या १५२३ व्या कलमानुसार एक हेक्टरपेक्षा मोठी नसलेली शेतजमीन विकली गेली, तर लगतच्या शेतमालकाला ती त्याच किमतीला स्वतःकडे घेण्याचा अग्रहक्क असतो आणि तो नोंदणीपासून नऊ दिवसांत बजावता येतो. मध्ये ओढा, पाट किंवा वहिवाटीचा रस्ता असेल तर हा हक्क लागू होत नाही.

गावातल्या घराचे कागद बहुधा सरळ असतात, पण निर्दोष असतीलच असे नाही. भावंडांत वाटणी न झालेली घरे पुष्कळ आहेत, आणि सर्व वारसांच्या सह्या होईपर्यंत, त्यांतला एखादा बार्सेलोनाला आणि एखादी अर्जेंटिनाला असली तरी, थांबावेच लागते. उतारावर घरे एकमेकांत गुंतलेली असल्याने एका घराची खोली दुसऱ्याच्या गोठ्यावर चढलेली असते. या गुंतागुंतीला तिथे ‘एन्गालाबेर्नो’ असे नावच आहे. आम्ही पाहिलेल्या एका घरात मालकीणबाईंनी ज्या खोलीला ‘सर्वांत चांगली खोली’ म्हटले, ती नकाशात शेजाऱ्याच्या नावावर निघाली. त्याशिवाय आल्पुहार्रातल्या पोकेइराच्या दरीतील पाम्पानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही गावे १९८२ पासून संरक्षित ऐतिहासिक समूह आहेत. तिथे खिडकी मोठी करायची किंवा धुराडे बदलायचे, तरी सांस्कृतिक खात्याची परवानगी लागते.

आता पाण्याचा विचार करू, कारण गावातले घर आणि शेतघर यांत रोजच्या जगण्याला सर्वांत जास्त जाणवणारा फरक हाच आहे. गावात नळ असतो, पाणीपट्टी भरली की विषय संपतो. शेतघराचे पाणी कुठून येते, हे प्रत्येक घराला वेगळे विचारावे लागते : विहीर असेल तर ती नोंदणीकृत आहे का, टँकर येत असेल तर रस्ता त्याला पेलतो का, आणि ‘आसेकिया’चे पाणी असेल तर जमिनीबरोबर त्याचा हक्क येतो का. आसेकिया म्हणजे अरबी राजवटीपासून चालत आलेले डोंगरातले पाट. सिएरा नेवादाचा बर्फ वितळला की ते पाणी वळवून उतारांवर नेतात आणि त्याच्या पाळ्या शेतकऱ्यांची संघटना, ‘कोमुनिदाद दे रेगांतेस’, ठरवते. धुळे-नाशिककडची फड पद्धत आणि पाटकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे अगदी ओळखीचे वाटेल. पाळी पहाटे तीनला असली तर पहाटे तीनला कुदळ घेऊन बांधावर उभे राहावे लागते, आणि मालक पुण्यात किंवा म्युनिकमध्ये असला तर कोणाला तरी पैसे देऊन उभे करावे लागते. हे पाणी पिण्याचे नसते, हेही लक्षात ठेवावे. आक्सार्कियात तर ला विन्युएला धरणाचा साठा २०२३ च्या दुष्काळात दहा टक्क्यांच्याही खाली गेला होता, आणि आंबा-अवोकाडोच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. अशा वर्षी गावाच्या नळाला वेळापत्रक लागते. शेतघराची विहीर मात्र आटूही शकते, आणि मग टँकरशिवाय गत्यंतर नसते.

रस्त्याचेही तसेच आहे. कच्च्या वाटेचा शेवटचा तुकडा कोणाच्या जमिनीतून जातो आणि जाण्यायेण्याचा हक्क नोंदलेला आहे की नुसता तोंडी, हे वकिलाने तपासलेच पाहिजे. गावात गाडी गल्लीत शिरत नाही आणि सिमेंटची गोणीसुद्धा हातगाडीवर न्यावी लागते, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च वाढतो. पण दवाखाना, औषधांचे दुकान, पाव मिळण्याची जागा चालत गाठता येते. साठी ओलांडलेल्या माणसासाठी मी याच मुद्द्याला सर्वांत जास्त वजन देईन.

घर म्हणून पाहिले, तर गावातल्या घराचा खरा शत्रू ओल हा आहे. मागच्या खोल्या डोंगरात खणलेल्या असतात, दगड-मातीची भिंत चांगलीच जाड असते, आणि कोणीतरी चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा केला असला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. आल्पुहार्रात छप्पर सपाट असते. चेस्टनटच्या तुळया, त्यांवर पाटीच्या दगडाच्या लाद्या आणि वर ‘लाउना’ नावाची करडी माती, जी पाणी आत झिरपू देत नाही. लाउनाचा थर वेळोवेळी नवा घालावा लागतो, आणि बंद राहिलेल्या घरात गळती दिसेपर्यंत तुळई कुजलेली असते. शेतघराला चहूबाजूंनी वारा-ऊन मिळत असल्याने ओल कमी लागते, परंतु उन्हाळ्यातला वणवा, मोकळे घर फोडणारे चोर आणि शोषखड्ड्याची निगा या चिंता तिथे कायम असतात.

करांत फारसा फरक पडत नाही. आंदालुसियात जुन्या घरावर हस्तांतरण कर ७ टक्के आहे. ज्या मालमत्तेला कातास्त्रोने ‘संदर्भ मूल्य’ ठरवून दिले आहे, तिथे हा कर २०२२ पासून त्या मूल्यावर किंवा प्रत्यक्ष किमतीवर, जे जास्त असेल त्यावर लागतो. नोतारियो (नोटरी), नोंदणी आणि वकील धरून वरखर्च किमतीच्या १० ते १२ टक्के समजावा. विक्रेता स्वतः अनिवासी असेल, तर खरेदीदाराने किमतीचे ३ टक्के कापून थेट कर खात्यात भरायचे असतात. हे विसरल्यास तो बोजा घरावर चढतो. दरवर्षी स्थानिक घरपट्टी असतेच, शिवाय अनिवासी मालकाने घर भाड्याने न देताही कर भरावा लागतो. कातास्त्रो मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के इतके उत्पन्न गृहीत धरतात आणि त्यावर युरोपीय संघाबाहेरच्यांना २४ टक्के दर लागतो. मूल्य ४०,००० युरो आणि दर २ टक्के असल्यास तो कर १९२ युरो होतो.

घर घेतले म्हणून राहण्याचा हक्क मिळत नाही. पाच लाख युरोंच्या मालमत्तेवर मिळणारा निवास परवाना ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला आहे, आणि भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. शेतघर एवढ्या दिवसांत सांभाळले जात नाही. युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर १०० टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा विचार पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी जानेवारी २०२५ मध्ये मांडला होता, म्हणून सही करण्याच्या आठवड्यात त्याची सद्यस्थिती वकिलाला विचारावी.

महाराष्ट्रात राहून घर घेणाऱ्यांनी पैशांची आखणी आधी करावी. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) एका निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, दहा लाख रुपयांवरील रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते आणि तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्याच विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता दरवर्षी भरावाच लागतो. स्पेनमधील परदेशी ओळख क्रमांक, एनआयई, मुंबईतील स्पॅनिश वकिलातीमार्फत मागता येतो, आणि तो हाती यायच्या आत व्यवहाराची कोणतीही तारीख देऊ नये.

दोहोंपैकी काहीही ठरवा, बयाण्याच्या कराराआधी फेब्रुवारीत तिथे महिनाभर भाड्याने राहावे. बयाणा साधारण १० टक्के असतो. नेहमीच्या स्वरूपाच्या करारात खरेदीदार मागे फिरला तर तो बुडतो, आणि विक्रेता फिरला तर त्याला दुप्पट परत करावे लागतात. आम्ही बुबियोनच्या एका घराच्या मागच्या खोलीत फेब्रुवारीतल्या पावसानंतर भिंतीला तळवा लावून पाहिला होता, आणि तळवा ओला झाला नाही म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच घराची नोता सिंप्ले मागवली.