ओपन सोर्सच्या नावाखाली आमचा कोड आणि 2,36,000 रुपये कसे गेले

रत्नागिरीत आंब्याच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर करणारी आमची छोटी कंपनी आहे. वाशीच्या दलालाची पट्टी आली की तीतून हमाली, तोलाई, वाहतूक आणि आगाऊ उचल वजा जाऊन बागायतदाराच्या हाती किती उरते, हे काढणारा मुख्य कोड आम्ही स्वतः लिहिला. मुंबईच्या एका कंपनीने तो ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येईल असा खुला करायला लावला आणि आमचेच गिऱ्हाईक पळवले. हीच मंडळी आता सिंधुदुर्गातही फिरत आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

ओपन सोर्समधून पैसा मिळतो याचे त्यांनी दिलेले दाखले खोटे नव्हते. 2008 साली सन या कंपनीने मायएसक्यूएल ही ओपन सोर्स कंपनी सुमारे 1 अब्ज डॉलरना घेतली, 2019 साली आयबीएमने रेड हॅट ही तशीच कंपनी 34 अब्ज डॉलरना घेतली. कोड खुला, होस्टिंग (सर्व्हरवर चालवणे) त्यांचे आणि उत्पन्नात आमचा 30 टक्के वाटा, असे ठरले. 'परवाना तपासणी व प्रमाणपत्र' म्हणून त्यांनी 2,00,000 रुपये आणि त्यावर 36,000 रुपये जीएसटी आगाऊ घेतला. असे प्रमाणपत्र कोणत्याही ओपन सोर्स परवान्याला लागत नाही. ते मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आमच्या मसुद्यात एजीपीएल परवाना होता. त्यानुसार आमचा कोड बदलून सर्व्हरवरून सेवा देणाऱ्याला ते बदल वापरकर्त्यांना खुले करावे लागतात. ज्याला ते नको असेल त्याला पैसे घेऊन वेगळा परवाना विकता येतो. मायएसक्यूएलचा धंदा अशाच दुहेरी परवान्यावर उभा राहिला, आणि छोट्या कंपनीला कमाईची खरी वाट हीच आहे. सह्यांच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या प्रतिनिधीने निळ्या पेनाने 'एजीपीएल' खोडून 'एमआयटी' (बदल खुले करण्याची अट नसलेला परवाना) लिहिले आणि 30 टक्क्यांचे कलम 'परिशिष्ट ब'मध्ये टाकले. "सरकारी खाती एजीपीएल घेत नाहीत, साहेब. परिशिष्ट मागाहून पाठवतो." एकाच बैठकीत दोन बदल, आणि दोन्ही त्यांच्याच फायद्याचे! खटकायला हवे होते ते तिथेच. पण हंगाम तोंडावर आला होता, बागायतदारांचे फोन थांबत नव्हते आणि समोरच्याकडे जीएसटी क्रमांकापासून कार्यालयापर्यंत सगळे रीतसर होते. अशा माणसावर कोण संशय घेईल?

परिशिष्ट आलेच नाही. आले ते त्यांचे अ‍ॅप, थेट आमच्या बागायतदारांच्या मोबाइलवर. आम्ही चाचणीसाठी टाकलेली 'गट नंबर 0' ही बागसुद्धा त्यात तशीच होती. काढली होती ती फक्त आमच्या कॉपीराइटची ओळ. एमआयटी परवान्यात विक्रीची मुभा आहे, पण प्रत देताना ती ओळ काढण्याची नाही.

पोलीस ठाण्यात ऐकवले गेले, "तुम्हीच फुकट दिलेत, मग चोरी कसली? बाब दिवाणी आहे." 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 63 त्यांच्यासमोर ठेवले, त्यात सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे, ते न वाचताच सायबर शाखेकडे बोट दाखवले गेले. सायबर शाखा म्हणाली, पैसे धनादेशाने आणि रीतसर बिलावर गेले आहेत, ही ऑनलाइन फसवणूक नव्हे, ठाण्यातच जा. वकिलांनी व्यापारी न्यायालय सुचवले, तर तिथे तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसल्यास दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची, आणि त्या मध्यस्थीला समोरचा फिरकतच नाही. लुटले गेलेल्याने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर किती काळ फिरायचे?

वाट्याचे कलम मूळ करारात असल्याशिवाय सही करू नका. एमआयटीखाली एकदा दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. आम्ही पुढच्या आवृत्त्या एजीपीएलखाली काढत आहोत, पण गेलेली गेली. ज्यांच्याकडे असा मसुदा आला असेल त्यांनी खाडाखोडीसह मूळ कागद, सर्व ईमेल आणि गिटमधील (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) नोंदी आजच वेगळ्या जपून ठेवाव्यात. आमच्याकडे त्या आहेत, आणि पोलिसांनी अद्याप त्यांतली एकही मागितलेली नाही.