एरोबार लावून सात महिने: सोलापूरच्या वाऱ्यातला अनुभव

जूनमध्ये माझ्या साध्या रोडबाइकला क्लिप-ऑन एरोबार लावले, म्हणजे कोपरं पॅडवर टेकवून पुढे वाकून बसता यावं म्हणून हँडलवर बसवायचे दोन दांडे. आता जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आली. हाफ ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल आणि धावणं सलग) ९० किलोमीटर सायकल मारायची असते आणि हौशी गटात दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवायला मनाई. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगात बरीचशी ताकद हवा कापण्यातच जाते, आणि हवेला सायकलपेक्षा आपलं अंगच जास्त आडवं येतं. म्हणून घेतले.

पहिल्या दिवशी कोपरं पॅडवर टेकवली आणि पुढचं चाक लटपटायला लागलं. मागे बघायला मान वळवली, तर सायकल सरळ साइडपट्टीच्या मुरमात! पडलो नाही, पण पुढचे पंधरा दिवस घरी ट्रेनरवरच, म्हणजे सायकल जागेवर चालवायच्या स्टँडवर काढले. नवीन माणसाने सुरुवातच तिथे करावी. ग्रुपमधला एकजण म्हणाला, "काय बे, सायकलवर झोपतो का?" तसंही ग्रुपमध्ये एरोबारवर जायचंच नाही. ब्रेक राहतात हँडलवर. पुढच्याने अचानक वेग कमी केला तर हात पोचेपर्यंत धडक.

सगळ्यात मोठी चूक उंचीची. फोटोतल्यासारखं दिसावं म्हणून बार अगदी खाली ठेवले होते. मांडी पोटाला लागायची, दहा मिनिटांत मान आखडायची. शेवटी पॅडखाली उंची वाढवायला २० मिलिमीटरचे स्पेसर (ठोकळे) टाकले, सीट पुढे सरकवून किंचित वर घेतली. आता चाळीस मिनिटं न उठता बसतो, आणि तेवढ्याच दमात वेग ताशी दीड-दोन किलोमीटरने वाढलाय.

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा मोहोळकडे जाताना तोंडावर येतो. पैसे वसूल होतात ते तिथे. तुळजापूर रोडची गोष्ट वेगळी. परतताना तोच वारा उजवीकडून. आपण त्याच्या अंगाला रेललेलो असतो, शेजारून ट्रक गेला की वारा क्षणभर अडतो आणि सायकल ट्रककडे ओढली जाते. तो पुढे निघाला की दणका. एकदा एवढा घाबरलो की तिथे आता आरशात ट्रक दिसला रे दिसला, हात हँडलवर.

तक्रारी आहेतच. स्पीडब्रेकरच्या पट्ट्यांवरून गेल्यावर डावा पॅड गर्रकन फिरला. बोल्ट सैल झाला होता. आता तो आवळायची ॲलन की खिशात ठेवतो. पॅडचा स्पंज घाम पितो, मे महिन्यात काय वास मारेल देव जाणे. आणि घेण्याआधी हँडल बघा: चपट्या हँडलला हे बसत नाहीत, माझं गोल, ३१.८ मिलिमीटरचं होतं म्हणून निभावलं.

सध्या उसाच्या ट्रॉल्या सुरू आहेत. मागे ना दिवा ना रेडियम, वर रस्त्यात कांडी सांडलेली. नीट उजाडेपर्यंत मी कोपरं टेकवतच नाही.