जमिनीखालचे ९५ मीटर

आमच्या परसात दोन बोअर आहेत. कागदावर दोन्ही ११० मीटर खोल. प्रत्यक्षात एक ६४ मीटर आणि दुसरा ६१. उरलेले ९५ मीटर कुणी खोदलेच नाहीत, त्यांचे पैसे मात्र आम्ही मोजले. हे कळेपर्यंत एक अख्खा हिवाळा आम्ही थंडीत काढला. इंग्लंडात राहणाऱ्या आणि घरासाठी जमिनीतल्या उष्णतेवर चालणारा हीट पंप घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

आम्ही ऑक्सफर्डशायरमधल्या एका खेड्यात राहतो. गावात गॅसची पाइपलाइन नाही. १९३०च्या दशकातलं घर, मागे रॉकेलची मोठी टाकी, त्यावर चालणारा बॉयलर. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि तेलाचे भाव असे भडकले की टँकर मागवताना पोटात गोळा यायचा. तेव्हापासून तेल सोडायचं डोक्यात होतं. परस मोठं आहे, म्हणून जमिनीतला पंप घ्यायचं ठरवलं.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दक्षिण इंग्लंडात काही मीटर खाली गेलं की जमीन बाराही महिने साधारण १० ते १२ अंशांवर असते. तिथे खोल बोअर मारतात, पण पाण्यासाठी नाही. त्यात खाली जाऊन वळून परत वर येणारी प्लास्टिकची नळी सोडतात आणि बोअर बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीच्या गाऱ्याने बंद करतात. नळीतून पाणी आणि ते गोठू न देणारं ग्लायकॉल फिरत राहतं. ते जमिनीची ऊब घेऊन येतं, घरातला पंप ती ऊब फ्रिजच्याच तत्त्वाने ४०-४५ अंशांपर्यंत चढवतो आणि रेडिएटरला देतो. नीट बसवलेला पंप विजेच्या एका युनिटमागे तीन ते चार युनिट उष्णता देतो. तंत्रज्ञान खरं आहे आणि चांगलं आहे, माझी तक्रार त्याबद्दल नाही.

सरकारी मदतही खरी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२२ पासून बॉयलर अपग्रेड स्कीम चालू आहे. जमिनीतल्या पंपाला आधी ६,००० पौंड मिळायचे, ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० मिळू लागले. हे पैसे आपल्या हातात येत नाहीत. कंपनी ऑफजेमकडे, म्हणजे सरकारी ऊर्जा नियामकाकडे, अर्ज करते, आपल्याला संमतीचा ईमेल येतो आणि कंपनी आपल्या बिलातून तेवढी रक्कम कमी करते. फसवणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं. ‘सरकारी योजना आहे’ म्हटलं की आपण निम्मे निर्धास्त होतो.

कंपनीचं नाव आम्हाला आपल्याच लोकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटातून मिळालं. सुचवणारा चांगल्या ओळखीचा. त्याने स्वतः तिथेच नोंदणी केली होती, पण त्याच्याकडे अजून खड्डासुद्धा पडला नव्हता, हे मला नंतर कळलं. ओळख करून दिल्याबद्दल कंपनी त्याला ५०० पौंड देणार होती, हेही नंतर. त्याने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, तोही अडकलाच. पण कुणी कंपनी सुचवली तर त्याला दोनच प्रश्न विचारा. तुझ्या घरी हा पंप एक पूर्ण हिवाळा चालला आहे का? आणि मला पाठवल्याबद्दल तुला काही मिळतंय का?

विक्रेता शनिवारी आला. वीस मिनिटांत घराची पाहणी संपली. जुन्या ईपीसीवरचं (घराच्या ऊर्जावापराच्या दाखल्यावरचं) क्षेत्रफळ उतरवून घेतलं, खिडक्या मोजल्या नाहीत, एकाही रेडिएटरकडे वळून पाहिलं नाही. खरं तर प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशोब करावाच लागतो, असे पंप बसवणाऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या एमसीएस या योजनेचा नियमच तसा आहे. आम्ही विचारलं तर म्हणाला, ‘ते ऑफिसात सॉफ्टवेअर करतं.’ इतर दोन कंपन्यांनी ३६ आणि ३८ हजार पौंड सांगितले होते. याने २९,४०० सांगितले. अनुदान वजा जाता २१,९००. आजच सही केली तर हा भाव, नाहीतर ड्रिलिंगचा स्लॉट दुसऱ्याला जाईल म्हणाला. आम्ही सही केली. घरी येऊन केलेला करार १४ दिवसांत रद्द करता येतो, हा कायदा मला माहीत होता. पण त्याच कागदांच्या गठ्ठ्यात ‘काम लगेच सुरू करा’ अशी आमच्याच सहीची विनंती होती. ती मी न वाचता सही केली.

विकणारी कंपनी एक, एमसीएस प्रमाणपत्र दुसऱ्याच कंपनीचं, बोअर मारणारे तिसरेच. भांडायची वेळ आली तेव्हा तिघंही एकमेकांकडे बोट दाखवू लागले. कोटेशनवरचा एमसीएस क्रमांक कुणाच्या नावावर आहे हे त्यांच्या यादीत दोन मिनिटांत तपासता येतं. ते करा. कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउसमध्ये संचालकांची नावंही फुकट पाहता येतात. आमच्या कंपनीच्या संचालकाने त्याआधी दोन कंपन्या बंद केल्या होत्या, आणि तिन्हींचा धंदा एकच.

सप्टेंबर २०२४ मध्ये रिग, म्हणजे बोअर मारायची गाडी, आली. पहिल्या दिवशी नवरा घरी होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही कामावर. शेजारच्या आजींनी नंतर सांगितलं की गाडी दुपारी बाराच्या आधीच गेली. आम्ही संध्याकाळी परतलो तर बोअरच्या तोंडाशी नळ्यांसाठी खणलेला चर बुजवून माती सारखी केलेली. पाऊस येणार होता म्हणून घाई केली म्हणे. त्या संध्याकाळपर्यंत आम्ही ९० टक्के रक्कम भरून बसलो होतो.

रात्री जतला आबांना फोन केला. सांगली जिल्ह्यातला आमचा दुष्काळी तालुका, तिथे बोअर म्हणजे घरातलं लग्न असल्यासारखं. गाडी येते तेव्हा माणूस वही घेऊन रिगजवळ उभा राहतो आणि प्रत्येक रॉड खाली गेला की रेघ ओढतो, कारण पैसे फुटावर असतात आणि जमिनीखाली कुणाला दिसत नाही. आबांनी पहिलंच विचारलं, ‘रॉड मोजलं का गं कुणी?’ मी म्हटलं, ‘आबा, इथं तसं नसतं.’ ते गप्प बसले. ती शांतता मला पुढे फार टोचली.

नोव्हेंबरपर्यंत सगळं ठीक होतं. जानेवारीत थंडी वाढली आणि पंपावर अलार्म येऊ लागला. जमिनीतून परतणारं पाणी उणे चार अंशांवर, पुन्हा जमिनीत जाणारं उणे सात. त्याखाली गेलं की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी थांबतं आणि आतला सहा किलोवॅटचा विजेचा हीटर सुरू होतो. तो एका युनिटला एकच युनिट देतो. पंपाच्या वेगळ्या मीटरवर एका महिन्यात १,९०० युनिट पडले. कंपनीने ८५० सांगितले होते. युनिटला सुमारे २५ पेन्स, म्हणजे नुसत्या गरम करण्याचे पावणेपाचशे पौंड, आणि तरीही बैठकीची खोली १६ अंशांवर. सासूबाई दोन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी दोन स्वेटर घालून एकाच खोलीत दिवस काढले आणि तक्रार केली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

कंपनीला पंधरा-वीस फोन केले. त्यांची उत्तरं ठरलेली. पहिला हिवाळा असाच असतो. जमिनीला सवय व्हायला वेळ लागतो. तुम्ही थर्मोस्टॅट सारखा हलवता. एकदा तर ऐकवलं, ‘गरम देशातून आलेल्यांना जास्त ऊब लागते.’ हे वाक्य ऐकल्यावर मी फोनवर बोलणं बंद केलं आणि सगळं ईमेलवर सुरू केलं. ते आधीच करायला हवं होतं. पुढे दाव्यात फोनवरचं एकही आश्वासन उपयोगी पडलं नाही, ईमेल सगळे पडले.

मार्चमध्ये पदरचे पैसे देऊन एक स्वतंत्र इंजिनिअर बोलावला. त्याने आधी खोली-खोलीचा हिशोब केला. कडाक्याच्या थंडीत घराला सुमारे ११ किलोवॅट लागतात. त्यातले साधारण ८ जमिनीतून यायला हवेत, उरलेले पंपाच्या विजेतून. ‘२२० मीटर बोअर असेल तर मीटरमागे ३६ वॅट, हे ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘मग जमीन गोठतेय कशामुळे?’ त्याने बोअरची नोंदवही मागितली. कंपनीने तीन आठवड्यांनी दोन पानं पाठवली. दोन्ही बोअरची खोली तीच, खडकांचे थर तेच, सुरू-बंद केल्याच्या वेळाही त्याच.

मग त्याने पंप सुरू करतानाचा त्यांचाच कागद काढला. त्यात लिहिलं होतं, ग्लायकॉलचं मिश्रण २४० लिटर. आमची नळी ४० मिलिमीटरची, तिच्यात दर मीटरला साधारण ०.८ लिटर मावतं. २२० मीटर खाली आणि तितकंच वर, म्हणजे नुसत्या बोअरमध्येच साडेतीनशे लिटरच्या वर जायला हवं होतं. त्यांच्याच हिशोबात शंभरेक लिटरची जागा गायब होती.

एका रविवारी आम्ही बोअरच्या तोंडाशी मीटरभर खणलं. या नळ्यांवर कारखान्यातच दर मीटरला आकडा छापलेला असतो. आमच्या नळीवर ते तळाच्या वळणापासून सुरू होत होते, म्हणजे तोंडाशी जो आकडा दिसेल तीच खोली. नवऱ्याने चिखल पुसला. ६४. दुसऱ्या बोअरवर ६१. म्हणजे मीटरमागे ६४ वॅट ओढले जात होते, परवडणाऱ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. इंजिनिअर म्हणाला, असंच चालू राहिलं तर जमिनीला उन्हाळ्यात भरून यायला वेळ मिळणार नाही आणि पुढचा हिवाळा याहून वाईट जाईल. पंपात काही दोष नव्हता.

फोटो पाठवल्यावर दहा दिवसांत कंपनीचा फोन लागेनासा झाला. मे महिन्यात ती दिवाळखोरीत निघाली. त्याच माणसाची चौथी कंपनी, थोड्या वेगळ्या नावाने, तोपर्यंत सुरूही झाली होती.

आम्हाला वाचवलं ते एका छोट्या गोष्टीने, आणि ती आम्ही विचार करून केलेली नव्हती. स्लॉट नोंदवताना ५०० पौंड मी क्रेडिट कार्डावर भरले होते. बाकी सगळं बँकेतून, कारण त्यावर दोन टक्के सूट होती (ती सूट का होती हे आता कळतं). १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम ७५ असं आहे की वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल, आणि तिचा थोडा भाग जरी क्रेडिट कार्डावर भरला असेल, तर करारभंगाला कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार. पूर्ण कराराला, नुसत्या ५०० ला नाही. डेबिट कार्डाला हे लागू नाही. आणि बोअरच्या पंपाची किंमत पुष्कळदा ३० हजारांच्या वर जाते, तेव्हा हे कवच मिळत नाही, त्यामुळे सही करण्याआधी एकूण आकडा बघा. कार्ड कंपनीने आधी नकार दिला. आम्ही बँका आणि कार्ड कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे गेलो, तिथे फी लागत नाही. नळीवरच्या आकड्यांचे फोटो, इंजिनिअरचा अहवाल आणि त्यांचाच २४० लिटरचा कागद, एवढ्यावर शेवटी कार्ड कंपनीने नव्या बोअरचा खर्च मान्य केला. हिवाळ्याचं बिल आणि इंजिनिअरची फी बुडाली ती बुडालीच.

नव्या कंपनीशी करार करताना आम्ही तीन वाक्यं स्वतः लिहून घातली. प्रत्येक बोअरच्या तोंडाशी नळीवरचा आकडा आमच्यासमोर वाचून त्याचा फोटो काढायचा. फोटो होईपर्यंत चर बुजवायचा नाही. पंप एक थंडीचा महिना चालल्याशिवाय शेवटचे २० टक्के द्यायचे नाहीत. त्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. पहिल्या विक्रेत्यासमोर हीच वाक्यं ठेवली असती तर तो काय म्हणाला असता, याचा मी अनेकदा विचार करते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये रिग आली. तिसरा बोअर, १०० मीटर. मी रजा घेतली. रिगवाल्याला विचारलं, रॉड किती लांबीचा? तीन मीटर. मी वही घेऊन चिखलात उभी राहिले, खांद्याशी फोन धरून, आणि पलीकडे जतच्या अंगणात आबा चष्मा लावून बसले होते. प्रत्येक रॉडला दोघांच्या रेघा. मध्येच एकदा माझी गणती चुकली, तर आबांनी तिकडून सांगितलं, ‘एकवीस न्हवं, बावीस झालं.’ दुपारी साडेतीनला चौतिसावा रॉड गेला. नळी सोडल्यावर मी वाकून तिच्यावरचा आकडा वाचला, १००, आणि आबांना मोठ्याने सांगितला.

‘आता बुजवू दे,’ आबा म्हणाले.